काळ्या कुत्र्याने राखलेला हंडा: आयर्लंडच्या खेड्यांतील गुप्तधनाच्या दंतकथा

प्रश्न: नोकरीनिमित्त आयर्लंडमधील टिपररी काउंटीत राहणाऱ्या एका वाचकांना शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने एक हकीकत सांगितली. त्याच्या शेतात मातीचा जुना गोलाकार बांध आहे. त्याखाली सोन्याचा हंडा पुरलेला असून एक काळा कुत्रा त्याची राखण करतो. शेतकऱ्याच्या आजोबांनी तिथे खणायला घेतले होते, पण आपले घर पेटल्याचे दिसल्यामुळे ते काम टाकून धावले आणि घरी आले तर काहीच झालेले नव्हते. वाचकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: या हकीकतीत तथ्य किती, अशा ठिकाणी कधी खरोखर काही सापडले आहे का, आणि मेटल डिटेक्टर घेऊन तिथे शोध घेता येईल का?

उत्तर: तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तिथे चूक झाली तर ती निस्तरणे कठीण जाते. शोध घेता येणार नाही. १९८७ च्या राष्ट्रीय स्मारक दुरुस्ती कायद्याने आयर्लंडमध्ये पुरातन वस्तूंच्या शोधासाठी परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणे गुन्हा ठरवले आणि संरक्षित स्मारकाच्या जागी असे यंत्र नुसते जवळ बाळगण्यासही मनाई केली. शेताच्या मालकाने आनंदाने होकार दिला तरी या मनाईत फरक पडत नाही. त्या कायद्याखाली दंडाची कमाल मर्यादा ६३,४८६ युरोंपर्यंत जाते आणि तीन महिन्यांपर्यंतचा कारावासही होऊ शकतो. शेजाऱ्याच्या शेतातील बांध हा बहुधा शासनाच्या स्मारक यादीत नोंदलेला असेल, त्यामुळे तिथे कुदळ चालवणेही तितकेच अयोग्य आहे. हे बंधन इतके कडक का झाले याची हकीकत आपल्याच काउंटीत घडलेली आहे. तिच्याकडे पुढे येईनच.

आता हकीकतीतील तथ्याविषयी. आयरिश लोकसाहित्याच्या नोंदी दीर्घकाळ वाचल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, गुप्तधनाच्या दंतकथेकडे खजिन्याचा नकाशा म्हणून पाहिले तर ती जवळजवळ नेहमीच निराश करते. तीच दंतकथा एखाद्या जागेविषयी गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान म्हणून वाचली, तर मात्र ती आश्चर्य वाटावे इतकी भरवशाची ठरते. हंडा कल्पित असतो, पण ज्या जागेवर तो ठेवलेला असतो ती जागा सहसा खरोखरच जुनी आणि माणसाच्या हातची असते.

आपण ऐकलेली हकीकत त्या एका घरापुरती नाही. आयरिश शासनाने १९३५ मध्ये लोकपरंपरा आयोग स्थापन केला आणि शेमस ओ दुलरगा यांच्याकडे त्याचे संचालकपद दिले. या आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात शाळांमार्फत एक विलक्षण संकलन घडवून आणले. प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांनी आजी-आजोबांना व शेजारच्या वृद्धांना विचारायचे आणि त्यांनी सांगितलेले निबंधाच्या वहीत उतरवून आणायचे, अशी ती योजना होती. स्वतंत्र आयर्लंडच्या २६ काउंटींतील सुमारे ५,००० शाळांतून ५०,००० च्या आसपास मुलांनी त्यात भाग घेतला. आयोगाचे दप्तरपाल शॉन ओ सूलावान यांनी शिक्षकांसाठी जी मार्गदर्शक पुस्तिका तयार केली, तिच्यातील पहिलाच विषय लपवलेल्या धनाचा होता. धन नेमके कुठे आहे असे सांगतात, ते कोणी व केव्हा लपवले, काढण्याचा प्रयत्न झाला काय, तो का फसला, त्याची राखण कोण करते, अशा अंगाने मुलांनी चौकशी करायची होती. पहिल्याच आठवड्यात मुलांना घरी बोलते करणारा विषय म्हणून तो किती विचारपूर्वक निवडला होता हे त्या वह्या पाहिल्यावर लक्षात येते. आयर्लंडमध्ये असे टाउनलँड क्वचितच असेल जिथे कोणाला तरी एखादा हंडा ठाऊक नव्हता. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या वाडी-शिवाराएवढा भूभाग. संपूर्ण बेटावर असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. शाळांकडून आलेली ही सुमारे ७,४०,००० पाने आज डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील राष्ट्रीय लोकपरंपरा संग्रहात आहेत आणि दूखस या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात.

त्या नोंदी सलग वाचू लागल्यावर कथेचा साचा स्पष्ट होतो. एखाद्या माणसाला लागोपाठ तीन रात्री एकच स्वप्न पडते: अमुक काटेरी झाडाखाली, अमुक शिळेखाली धन आहे. ही गोष्ट कोणाला सांगायची नसते. सांगितलीच तर सोबत येणाऱ्यांना सांगायची. मध्यरात्री दोघे-तिघे जातात आणि न बोलता खणू लागतात. फावडे सपाट दगडावर आपटते, आणि नेमक्या त्याच क्षणी काहीतरी घडते. वारा उसळतो, काळा बैल शिंगे रोखून येतो, मांजर किंवा कुत्रा खड्ड्याच्या काठावर येऊन बसतो, कधी एखादी प्रचंड वाम किंवा सर्प दगडाखालून डोके काढतो. कोणाच्या तरी तोंडून देवाचे नाव किंवा शिवी निसटते आणि सगळे नाहीसे होते. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजलेला असतो, किंवा ती जागाच सापडत नाही. हंडा हाती लागलाच तर सकाळी त्यात वाळकी पाने, गोगलगाईंचे शंख नाहीतर राख उरलेली असते. खणणारा पुढे आजारी पडतो, आणि वर्ष उलटण्याआधी त्याचे काहीतरी वाईट होते.

पेटलेल्या घराचा प्रसंग या साच्यातील सर्वांत सुंदर भाग आहे असे मला वाटते. तो काउंटीमागून काउंटीत आढळतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या आजोबांच्या बाबतीत तसे प्रत्यक्ष घडले असे मानता येत नाही. पण शेजारी खोटे सांगत आहेत असे मानणे अधिक चुकीचे होईल. एखाद्या माणसाने कधीतरी त्या बांधात खणण्याचा प्रयत्न केला आणि तो अर्ध्यावर सोडला, एवढे बहुधा खरे असते. त्या सोडून देण्याला गावाने आपल्याजवळची तयार कथा जोडली, आणि ती जोडताना माणसाचा मान राखला. सोने समोर दिसत असतानाही तो घराकडे धावला, यात गावाच्या नजरेने कमीपणा नव्हता. शिवाय खजिना जागच्या जागी राहिला, म्हणजे गोष्टही शिल्लक राहिली. हाती लागलेल्या धनाची गोष्ट एका पिढीत विरते. न लागलेल्या धनाची नातवापर्यंत पोहोचते, तशी ती आपल्यापर्यंत पोहोचली आहे.

राखणदाराविषयी थोडे अधिक सांगायला हवे. मराठी वाचकाला धनावर बसलेला नाग परिचित आहे, त्यामुळे कुत्रा किंवा बैल त्याच पंक्तीत बसवण्याचा मोह होतो. आयरिश कथेत मात्र या प्राण्यामागे पुष्कळदा एक माणूस असतो. धन पुरणारा सरदार आपल्या माणसांना विचारतो, याची राखण कोण करील? एखादा भाबडेपणाने पुढे होतो. त्याला तिथेच मारून हंड्यासोबत पुरतात, आणि त्याने दिलेला शब्द त्याला मेल्यानंतरही पाळावा लागतो. काही ठिकाणी याचीच दुसरी बाजू सांगतात की, एक जीव गेल्याशिवाय ते धन वर येणार नाही. ही अट कथेत न खणण्याचे कारण म्हणून येते, आणि म्हणूनच गावकरी मागे फिरतात. हे आवर्जून लिहिते, कारण महाराष्ट्रात गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्ये झाली आहेत आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधाचा स्पष्ट उल्लेख करावा लागला आहे. दोन्हीकडच्या कथांतील कल्पना जवळच्या आहेत, पण आयरिश खेड्याने या अटीचा अर्थ थांबण्याची सूचना असा घेतला.

धन हाती लागते अशा मोजक्या कथाही आहेत, आणि त्यांतील एक तर देशोदेशी फिरलेली आहे. एका गरीब माणसाला स्वप्न पडते की लिमरिकच्या पुलावर जा, तिथे तुझे भाग्य उघडेल. तो पायी चालत तिथे जातो आणि पुलावर घुटमळत राहतो. अखेर एक दुकानदार त्याला हटकतो आणि कारण ऐकून म्हणतो, स्वप्नांवर कसला विश्वास ठेवतोस; मलाही अमुक गावच्या अमुक माणसाच्या परसात झाडाखाली हंडा असल्याचे स्वप्न पडते, म्हणून मी काय तिकडे धावत जाऊ? ते गाव आणि ते परस या माणसाचेच असते. तो घरी परततो, खणतो, आणि त्याला हंडा मिळतो. आयरिश सांगणारे पुढे एक भर घालतात, ती मला फार आवडते. हंड्यावरच्या झाकणावर कोणाला न वाचता येणारी अक्षरे असतात. ते झाकण घरात तसेच पडून राहते आणि वर्षांनंतर वस्तीला आलेला एखादा फिरता विद्यार्थी ते वाचून दाखवतो: दुसऱ्या बाजूलाही इतकेच आहे. इंग्लंडमध्ये हीच कथा लंडनच्या पुलाशी जोडून सांगतात, आणि अरबी कथांमध्ये बगदादचा माणूस कैरोला जाऊन परत येतो. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या कथाप्रकाराला १६४५ हा क्रमांक आहे. आयर्लंडमध्ये मात्र ती ऐकणाऱ्याला परकी वाटत नाही, कारण सांगणारा त्या माणसाचे टाउनलँड सांगतो आणि कधी त्याचे घरही दाखवतो.

लेप्रेकॉन, म्हणजे आयरिश लोककथांतील ठेंगणा मायावी पुरुष, आणि इंद्रधनुष्याच्या टोकाचा हंडा यांविषयी इतकेच सांगते की, शाळकरी मुलांनी गुप्तधनाखाली लिहिलेल्या ज्या नोंदी मी वाचल्या, त्यांत त्यांना फारसे स्थान नाही. लेप्रेकॉनची जुनी आणि अस्सल कथा वेगळी आहे. पकडलेला लेप्रेकॉन शेतातील पिवळ्या फुलांच्या एका रोपाकडे बोट दाखवून धन याच्याखाली आहे असे सांगतो. माणूस खुणेसाठी त्या रोपाला आपला लाल पायबंद बांधतो, फावडे आणायला घरी जातो, आणि परत येतो तेव्हा शेतातील प्रत्येक रोपाला तसाच लाल पायबंद बांधलेला असतो. १८२५ मध्ये छापलेल्या दक्षिण आयर्लंडच्या कथासंग्रहात ती आलेली आहे. खुणेची जागा हरवणे हा धागा तिथेही तोच आहे.

धन कोणी पुरले या प्रश्नाला खेड्यांतून मिळणारे सर्वांत सामान्य उत्तर म्हणजे डेन लोकांनी, म्हणजे उत्तर युरोपातून आलेल्या व्हायकिंग दर्यावर्दींनी. १०१४ मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत आयरिश राजा ब्रायन बोरूच्या सैन्याने त्यांचा पराभव केला, ते देश सोडून पळाले आणि जाताना सगळे सोने पुरून गेले, अशी समजूत आहे. त्यांचे वंशज आजही डेन्मार्कमध्ये त्या जागांचे नकाशे सांभाळून आहेत, असेही सांगतात. परदेशी गेलेल्या आयरिश मजुराला तिथे एखादा म्हातारा भेटतो आणि त्याच्या गावातील टेकडीचे, झऱ्याचे बारकाईने वर्णन करून विचारतो की ती शिळा अजून तिथेच आहे ना. याच कुळातली एक गोष्ट हेदर नावाच्या रानझुडपाच्या फुलांपासून केलेल्या मद्याची आहे. त्याची कृती जाणणारे डेन बाप-लेक तेवढे उरलेले असतात. बाप म्हणतो, आधी मुलाला मारा, त्याच्यासमोर मला सांगता येणार नाही. मुलाला मारल्यावर तो म्हणतो की आता मला मारा, कारण मुलगा कदाचित बोलला असता, मी बोलणार नाही. पुरलेल्या सोन्याप्रमाणे ती कृतीही जमिनीखाली जाते. मला या सर्व कथांच्या तळाशी हीच जाणीव दिसते की, आपल्या पायाखाली कोणाचे तरी काहीतरी आहे आणि ते जाणणारी माणसे संपली आहेत.

इतिहासाच्या कसोटीवर डेनांचा दावा बहुतांशी टिकत नाही. ज्यांना गावकरी डेनांचे किल्ले म्हणतात, ते गोलाकार बांध डेनांनी बांधलेले नाहीत. ते मुख्यतः सहाव्या ते दहाव्या शतकांतील आयरिश शेतकरी कुटुंबांची कुंपण घातलेली घरे आहेत. मध्ये घर आणि गोठा, भोवती मातीचा बांध व खंदक. त्यांना रॅथ किंवा लिस म्हणतात, बोलीत फेअरी फोर्ट म्हणतात, आणि अशा सुमारे ४५,००० जागांची नोंद झालेली आहे. त्यांपैकी कित्येकांखाली दगडांनी बांधलेले अरुंद भुयारी मार्ग आहेत. ते धान्य व दूध-लोणी साठवण्यासाठी आणि हल्ल्याच्या वेळी लपण्यासाठी वापरले जात असावेत. वरून चालताना किंवा नांगरताना जमीन पोकळ वाजते, कधी बैलाचा पाय आत जातो, पाऊस झिरपल्यावर एखादा दगड खचतो. जमिनीखाली खोली आहे हे गावाला ठाऊक असते. तिच्यात काय आहे हे ठाऊक नसते, आणि त्या रिकाम्या जागेत हंडा येऊन बसतो. आपल्या शेजाऱ्याच्या शेतात असे भुयार असण्याची शक्यता हंड्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

तरीही डेनांविषयीची समजूत निराधार नाही. व्हायकिंग काळातील चांदीचे शंभराहून अधिक साठे आयर्लंडमध्ये सापडले आहेत. ती चांदी व्हायकिंग व्यापारातून आली असली तरी त्यांतील पुष्कळ साठे आयरिश सरदारांच्या प्रदेशांत मिळाले, म्हणजे पुरणारे हात बहुधा आयरिशच होते. नंतरच्या शतकांतही धन पुरण्याची कारणे संपली नाहीत. आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाले, १६४९ मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेल सैन्य घेऊन आला, आणि खेड्यात बँक नावाची गोष्ट फार उशिरा पोहोचली. त्यामुळे मठवासीयांनी पुरलेली पात्रे, क्रॉमवेलच्या भीतीने पुरलेली नाणी, १५८८ च्या स्पॅनिश आरमारातून किनाऱ्याला लागलेले सोने, अशा कथांना प्रत्यक्ष इतिहासाचा आधार आहे. फक्त तो आधार त्याच शेतापुरता सिद्ध करता येत नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. होय, अशा ठिकाणी सापडले आहे, आणि जे सापडले ते दंतकथेतल्या हंड्याहून मोठे आहे. १८६८ मध्ये लिमरिक काउंटीतील अर्डा गावाजवळ रीरास्टा नावाच्या रॅथमध्ये बटाटे काढणाऱ्या दोन तरुणांना आठव्या शतकातील चांदीचे पवित्र पात्र मिळाले. सोन्याच्या तारकामाने आणि मीनाकारीने मढवलेले ते पात्र, त्यासोबतचे एक साधे ब्राँझचे पात्र आणि चार पिना आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांच्या आधी, १८५४ मध्ये, क्लेअर काउंटीतील मूहॉन येथे रेल्वेमार्गाचे काम करणाऱ्या मजुरांना ब्राँझयुगातील सोन्याचा प्रचंड साठा मिळाला. त्यात दीडशेच्या आसपास वस्तू, मुख्यतः कंकणे, होत्या, आणि त्यातील बहुतेक सोने सराफांकडे जाऊन वितळवले गेले. युरोपातील प्रागैतिहासिक सोन्याच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक असा मुशीत गेला याचे दुःख आजही होते. १९४५ मध्ये रॉसकॉमन काउंटीतील कॉगलबेग येथे दलदलीत इंधनाची माती कापणाऱ्या एका शेतकऱ्याला चंद्रकोरीच्या आकाराचा सोन्याचा कंठा आणि दोन चकत्या मिळाल्या. त्या अनेक दशके गावातील औषधाच्या दुकानाच्या तिजोरीत होत्या. २००९ मध्ये ती तिजोरी चोरीला गेली, तेव्हा कुठे हे प्रकरण बाहेर आले आणि वस्तू संग्रहालयात पोहोचल्या. हे सारे शोध बटाटे, रूळ आणि इंधन यांच्यामागे असलेल्या माणसांना लागले; स्वप्न पडून मध्यरात्री निघालेल्यांना नाही.

यांतील एक शोध तर न्यायालयात दंतकथेचाच प्रश्न घेऊन गेला. १८९६ मध्ये डेरी काउंटीत, फॉइल खाडीजवळच्या ब्रॉयटर येथे खोल नांगरट करताना सोन्याच्या वस्तूंचा साठा वर आला. त्यात वल्ह्यांसह घडवलेली सोन्याची इवलीशी नौका होती. तो विकत विकत ब्रिटिश म्युझियमकडे गेला. पुरलेल्या धनावर राजसत्तेचा हक्क सांगणारा जुना इंग्रजी कायदा असे म्हणे की, पुरणाऱ्याचा परत येऊन धन काढण्याचा हेतू असला पाहिजे. याच कायदेपरंपरेतून आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आला. म्युझियमच्या बाजूने मांडले गेले की ही वस्तू मनानान मॅक लिर या सागरदेवतेला अर्पण केलेली आहे, म्हणून तिला हा नियम लागू नाही. १९०३ मध्ये न्यायालयाने ते अमान्य केले आणि साठा आयर्लंडला परत आला. पुरातत्त्वज्ञ आज नौकेला अर्पणच मानण्याकडे झुकतात, आणि ब्राँझयुगात दलदलीत व पाण्यात सोडलेल्या अनेक साठ्यांविषयीही तसेच म्हणतात. ज्याने पुरले त्याला ते परत नकोच होते, ही शक्यता खेड्यातल्या कथेने जवळजवळ कधीच विचारात घेतलेली नाही. तिथे पुरणारा नेहमी परतण्याची आशा ठेवतो.

टिपररीकडे वळते. १९८० च्या फेब्रुवारीत डेरिनाफ्लान येथे, दलदलीने वेढलेल्या एका जुन्या मठाच्या जागी, मेटल डिटेक्टर घेऊन गेलेल्या बाप-लेकांना चांदीचे पवित्र पात्र, तबक, त्याची बैठक आणि गाळणी असा साठा मिळाला. लोकपरंपरेत गोबान सेर या थोर कारागिराची कबर याच जागी सांगतात. तिथे काहीतरी असामान्य आहे हे गावाला पूर्वीपासून ठाऊक होते. जागा संरक्षित होती आणि खणण्याची परवानगी कोणी दिलेली नव्हती. मालकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खालच्या न्यायालयाने शोधणाऱ्यांच्या बाजूने दिलेला निकाल फिरवून सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितले की, पुरलेल्या धनावरचा इंग्रज राजाचा विशेषाधिकार स्वतंत्र आयर्लंडकडे आलेला नाही. तरीही मालक अज्ञात असलेला असा ठेवा राष्ट्राच्या सार्वभौमत्वाच्या नात्याने जनतेचा आहे. शोधणाऱ्यांना ५०,००० पौंड बक्षीस मिळाले. त्याच वर्षी डिटेक्टरवर वर सांगितलेले बंधन आले आणि १९९४ च्या कायद्याने पुरातन वस्तूंवरील राज्याची मालकी लेखी स्वरूपात मांडून ९६ तासांत शोध कळवण्याचे कर्तव्य घातले. २०२३ मध्ये या सर्व कायद्यांची जागा घेणारा नवा कायदा संमत झाला. त्यानेही दिशा तीच ठेवली आहे.

हा कडकपणा मला पूर्णपणे योग्य वाटतो. वस्तू मातीतून उपटली की ती कोणत्या थरात, कशाशेजारी, कशात गुंडाळलेली होती हे कायमचे पुसले जाते, आणि उरते ते फक्त सोने. गावाच्या जुन्या भीतीने हे नुकसान शतकानुशतके रोखून धरले होते. रॅथमध्ये परींची, म्हणजे त्या अदृश्य लोकांची, वस्ती आहे. तिथले काटेरी झाड तोडले, बांध सपाट केला, तर गुरे मरतात, हात वाळतो, घरात मूल दगावते, अशी श्रद्धा होती. ती श्रद्धा खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी हजारो बांध तिच्यामुळे नांगरापासून वाचले हे नाकारता येत नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी यंत्रे आली, श्रद्धा क्षीण झाली, आणि अनेक रॅथ एका दुपारीत नाहीसे झाले. गावकऱ्यांच्या फावड्यांनी कुठेकुठे टेकाडे विस्कटली हे खरे आहे, पण सर्वांत मोठी आगळीक बाहेरून आलेल्यांनी केली. १८९९ ते १९०२ या काळात, इंग्रज हे इस्राएलच्या हरवलेल्या टोळ्यांचे वंशज आहेत असे मानणाऱ्या एका गटाने बायबलमधील कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या शिळा ठेवलेली पेटी, शोधण्यासाठी प्राचीन आयरिश राजांचे पीठ मानल्या जाणाऱ्या ताराच्या टेकडीवरील एक प्राचीन वर्तुळ खणून काढले. डग्लस हाइड, कवी येट्स, आर्थर ग्रिफिथ, मॉड गॉन या नामवंत आयरिश लेखक-नेत्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. कोश मिळाला नाही, आणि त्या जागेची हानी भरून निघाली नाही.

गावाच्या स्मरणावर विश्वास ठेवल्याचे फळही सांगायला हवे. जिरोना हे स्पॅनिश आरमारातील जहाज ऑक्टोबर १५८८ मध्ये अँट्रिमच्या किनाऱ्यावर फुटले. सुमारे १,३०० माणसांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच वाचली. पुढे शोधणारे जुन्या कागदपत्रांवर विसंबून दुसरीकडे पाहत राहिले. बेल्जियन पाणबुड्या रोबेर स्तेनुई याने मात्र किनाऱ्यावरचे एक नाव मनावर घेतले: पोर्ट ना स्पॅनिया, स्पॅनिश लोकांचे बंदर. जवळपास चारशे वर्षे कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडी टिकलेल्या त्या नावाच्या खाली १९६७ मध्ये त्याला जहाज सापडले. त्यातील माणकांनी जडवलेले सोन्याचे सॅलमँडर (सरड्यासारखा प्राणी) आणि इतर दागिने बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहेत. त्या गावात कोणीही हंड्याची खूण सांगितली नव्हती. सांगितली होती ती जागा.

या कथांत शेजारधर्माचाही एक पदर आहे आणि तो शेवटपर्यंत न विसरलेला बरा. १८४५ नंतरच्या दुष्काळाने खेडी रिकामी केली, जमीन कुळांच्या नावावर विसाव्या शतकाच्या तोंडाशी झाली, आणि गावात कोणी अचानक शेत घेतले, दुकान थाटले, तर लोक म्हणत की त्याला हंडा मिळाला. त्या म्हणण्यात मत्सर असे, पण दयाळूपणाही असे: पैसा कुठून आला हे विचारायची गरज उरत नसे. आजही अशी घराणी दाखवली जातात. म्हणून आपण शेजाऱ्यांकडून ऐकलेले दुसऱ्या शेजाऱ्यापाशी बोलताना नाव न घेतलेले चांगले.

आपण प्रत्यक्षात काय करावे, तर शासनाच्या स्मारकांच्या ऑनलाइन नकाशावर तो बांध नोंदलेला आहे का ते पाहावे. मग दूखसवर आपल्या भागातील शाळा शोधून तिच्या वहीतील गुप्तधनाचे पान काढावे. शेजाऱ्याच्या घरातल्याच कोणा मुलाने ही हकीकत तेव्हा लिहिलेली असण्याची बरीच शक्यता आहे, आणि तसे पान मिळाले तर ते छापून त्यांना नेऊन द्यावे. त्यांची परवानगी घेऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. त्या वेळी हंड्यात काय होते हे विचारण्यापेक्षा शेताचे नाव काय, बांधाच्या कोणत्या अंगाला खणले होते, जमीन कुठे पोकळ वाजते, कोणते झाड तोडत नाहीत, आणि ही गोष्ट आजोबांना कोणी सांगितली हे विचारावे. मुद्रण आणि त्याची तारीख, सांगणाऱ्याचे वय, टाउनलँडचे नाव अशी टिपणे राष्ट्रीय लोकपरंपरा संग्रहाकडे पाठवण्याविषयी त्यांच्याशी पत्रव्यवहार करता येतो. आणि शेतात चालताना कधी काही वर आलेले दिसलेच, तर ते न हलवता जागेचे छायाचित्र घ्यावे, शेतकऱ्याला सांगावे आणि त्याच दिवशी राष्ट्रीय संग्रहालयाला कळवावे.